आईच्या आवाजाचे हक्क

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. दवाखान्यातून ती माझ्याकडे बदलापूरला, कात्रपमध्ये आली. माझ्या इमारतीला लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ आहेत आणि दादाच्या गावच्या घरात न्हाणीघर अंगणापलीकडे आहे. दादा माझा मोठा भाऊ. त्याला वाटलं, लोक काय म्हणतील, मुलगा असताना आई लेकीकडे. मी म्हटलं, तिला अंगणापलीकडे उचलून न्यायला लोकांना बोलाव, मग ठेव.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. घरीही मला कामं लिहून ठेवल्याशिवाय चैन पडत नाही. स्वयंपाकघराच्या दारावर मी कागद चिकटवला: औषधं, कूस बदलणं, पाठीला पावडर, हाताचे व्यायाम, जेवताना मान पुढे. मी कामावर गेले की वहिनी गावाहून यायची आणि कागदावरचं पुढचं काम उचलायची. आमचं दोघींचं कधी फार सख्य नव्हतं, पण त्या कागदामुळे भांडायला जागा उरली नाही.

बोलणं परत आणायचं काम अंबरनाथ पश्चिमेच्या एका तरुण डॉक्टरबाईंकडे होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आजींना गाण्याची आवड आहे का? काही पेशंटना साधे शब्द जमत नाहीत, पण गाण्यातले येतात. गाणं मेंदूत वेगळ्या वाटेनं जातं."

वहिनी आणि मी एकमेकींकडे बघून हसलो. हसलो म्हणजे किती दिवसांनी.

आई धवलारीण होती, लग्नाच्या विधींची गाणी म्हणणारी. आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजी असतो, तरी धवलारीण लागतेच. मांडवाचा, हळदीचा, उंबराच्या फांदीचा, तांदूळ कांडण्याचा, प्रत्येक विधीचा धवला असतो आणि तो म्हटल्याशिवाय विधी झाला असं आमच्यातली जुनी माणसं मानत नाहीत. आईला एवढे धवले पाठ होते की बदलापूरपासून अंबरनाथपर्यंतच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. ती कधी वही वापरत नव्हती. तिला लिहिता येत नव्हतं. आणि तिचा एक नियम होता: लग्नाचा मांडव असल्याशिवाय धवला तोंडातून काढायचा नाही. दादाने तिला किती वेळा स्टुडिओत न्यायचा प्रयत्न केला. ती म्हणायची, "तुज्या काचेच्या खोलीत कोनाचा लगीन हाय रं? देव आलं न नवरीच नाय, त मी त्यांना काय सांगू?"

त्यामुळे तिचं एकच ध्वनिमुद्रण होतं. माझ्या भाच्याच्या, म्हणजे दादाच्या मुलाच्या लग्नात दादाने तिच्यासमोर चांगला माइक ठेवून मांडवाचा अख्खा धवला घेतला होता. तो लग्नाच्या व्हिडिओला जोडून भाच्याने इंटरनेटवर चढवला होता. घरची माणसं, पाहुणे, एवढीच बघणारी.

तो आम्ही सकाळी आईचे केस विंचरताना लावायला लागलो. वहिनीने पलंगाच्या डोक्याशी आंब्याची डहाळी बांधली. मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "मांडव नको का? नायतर त्या गानारच नाय." डहाळी सुकली की ती नवी आणायची. मी ते कागदावर लिहिलं नव्हतं. मग लिहिलं.

आईचे ओठ आधी नुसते हलले. मग सूर आला, शब्दाशिवाय. मग एका सकाळी, गाण्यात हळदीचं नाव येतं तिथे, ती "हलद" म्हणाली. स्पष्ट. वहिनीच्या हातातून फणी पडली. पुढे "पानी" आलं, "तांदूल" आलं, सुनेचं हाक मारायचं नाव आलं. गाण्यातले शब्द ती गाण्याबाहेर आणायला लागली. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं तसंच ते होत होतं. एकदा ती दुपारभर तळमळत होती आणि अचानक डाव्या हाताने पोट धरून "पोट" म्हणाली. आम्ही औषध दिलं, तिला बरं वाटलं. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना मी काय सांगते ते कळेल. दुखतंय हे चेहऱ्यावरून कळतं, कुठे ते कळत नाही. तो एक शब्द आमच्या सगळ्या औषधांपेक्षा मोठा होता.

भाचा म्हणाला होता, "आत्या, तो व्हिडिओ तुझ्या फोनमध्ये उतरवून ठेवतो. नेट गेलं तर?" मी नको म्हटलं. आमच्या घरात गाणं उतरवून घेत नाहीत. त्याला कारण दादा.

दादा हळदीची गाणी लिहितो आणि गातो. सीडीच्या काळात त्याची नाव घेण्यासारखी गाणी आली. पण त्याच काळात उल्हासनगरच्या मोबाइल दुकानांवर 'कार्ड भरून मिळेल' अशा पाट्या लागल्या होत्या. फोनचं मेमरी कार्ड द्यायचं, चहा पिऊन यायचं, कार्डात जगातली सगळी गाणी. दादाच्या गाण्यांवर प्रत्येक हळदीत लोक पहाटेपर्यंत नाचायचे आणि सीडी मात्र त्याच्या घरात खोक्यांत पडून असायच्या. एका हळदीत यजमानाने त्याला मिठी मारली होती. मी शेजारीच उभी होते.

"दादूस, बघ, तुजाच लावलाय!"

"माजाच लावलाय. आनलास कुठून?"

"उल्हासनगर. एका कार्डात सगला. तुजी आतापर्यंतची सगली हायेत. तू उद्या काढशील ती पन आसतील, बघ शोधून!"

सगळे हसले. दादाही हसला. घरी आल्यावर त्याने खोकी माळ्यावर टाकली आणि टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून जायला लागला.

नंतर इतर गायकांना घेऊन तो पोलिसांत गेला, तक्रार दिली, पाठपुरावा केला. काही दुकानांवर छापा पडला. तेव्हापासून तो म्हणायचा की कायदा कडक पाहिजे, गाणं फुकट वाटणाऱ्याला आत टाकलं पाहिजे, नेटवरून वाटणारा असो की कार्डावरून. मला ते पटत होतं. आजही त्यातलं बरंच पटतं. स्टोअरमधून कुणी एक बेअरिंग खिशात घालून नेलं तर आम्ही गेटवर पकडतो. मग माझ्या भावाची गाणी गावभर उचलून नेली तर त्याला चोरी का म्हणायचं नाही? घरात नियम झाला आणि तो आम्ही सगळ्यांनी पाळला. भाच्याच्या मित्रांना हे वेडेपणाचं वाटायचं. फुकटात मिळतं आणि घेत नाहीत, असे लोक त्यांनी पाहिले नव्हते.

एका सकाळी मी आईसमोर फोन धरला आणि व्हिडिओच्या जागी करडा चौकोन आला. खाली लिहिलं होतं की हक्क असलेल्या कंपनीने दावा केल्यामुळे हा व्हिडिओ काढला आहे. आई माझ्याकडे बघत राहिली. तिचा डावा हात मांडीवर ठेका धरायला तयार होता.

मला वाटलं, चूक झाली असेल. भाच्याच्या खात्यावरून मी अर्ज भरला. या आवाजाचे हक्क तुमच्याकडे असल्याचा पुरावा द्या, असा रकाना होता. मी लिहिलं, आवाज आमच्या आईचा आहे, लग्न आमच्या घरचं आहे, गाणं कुणीच लिहिलेलं नाही, ते बायका पिढ्यान्पिढ्या म्हणतात. उत्तर आलं की या ध्वनिमुद्रणाचे हक्क निर्मात्याने कंपनीला लिहून दिले आहेत.

निर्माता म्हणजे दादा. मी फोन केला नाही. थेट गावी गेले.

तो ओट्यावर बसला होता. मी विचारलं तेव्हा त्याने लपवलं नाही. कंपनीचा माणूस आला होता, म्हणाला, आम्ही तुझी जुनी गाणी रीतसर आणू, नेटवर चोरून कुणी टाकलं तर आमची यंत्रणा आपोआप काढते, तुला भांडत बसायला नको. दादाला हवं होतं ते हेच. त्याने सगळी गाणी दिली. कंपनीचा माणूस म्हणाला, अस्सल जुनं काही आहे का? तेव्हा आईचा धवलाही दिला. कॉम्प्युटरसकट दिला, कारण त्यात काय कुठे आहे ते त्याला नीट काढता येत नव्हतं.

"मना वाटला, आईचा नाव होईल," तो म्हणाला. "इतक्या गावांत लग्ना लावली तिना. कोनाला म्हाईत हाय ती?"

"झालं का नाव?"

तो ओट्यावरची चटई सरळ करायला लागला.

"दादा, तिची वाचा त्यात आहे. कंपनीला सांग."

"सही केलीय. आता मीच म्हनू, मना नियम नको? उद्या कार्डवाला पन हेच म्हनेल."

तरी त्याने फोन केला. माझ्यासमोर केला, दोन-तीनदा केला. शेवटी एक बाई गोड आवाजात म्हणाल्या की मूळ ध्वनिमुद्रण आमच्या संग्रहात नाही, त्यावरून केलेलं अंतिम गाणं आहे, ते अधिकृतपणे ऐकता येईल. व्हिडिओ परत चढवलात तर तुमचं खातं बंद होऊ शकतं, हेही तितक्याच गोडीने.

अधिकृत गाणं आम्ही रीतसर वर्गणी भरून लावलं. डीजेच्या ढोलाने सुरू होतं. मध्येच आईचा आवाज येतो. मांडवाच्या धवल्यात ती देवांना एकेक करून बोलावते, गावदेवीला, नदीला, शेताच्या बांधावरच्या देवाला, मेलेल्या माणसांना. या, मांडवाच्या दारी या. मग त्यांना आत घेते, पाट देते, हळद देते आणि लग्न लागल्यावर आपापल्या जागी परत पाठवते. हा धवला अर्धा सोडत नाहीत. एकदा मांडवाला आग लागायची वेळ आली होती, बायका पळाल्या, पण आईने बाहेर उभं राहून तो पुरा केला होता. बोलावलेल्यांना दारात उभं ठेवून कुणी जातं का, असं तिचं म्हणणं.

कंपनीने फक्त "दारी" घेतलं होतं. दारी, दारी, दारी, ढोल, दारी. नाचायला चांगलं आहे. त्या वर्षी प्रत्येक हळदीत ते वाजलं.

आईने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती गोंधळली. पुढच्या ओळीसाठी तोंड उघडलं आणि पुढची ओळ आलीच नाही. वहिनी म्हणाली बंद करा. पण बंद केलं की आई हाताने फोनकडे खुणा करायची. तिला वाटत असावं की पुढचं येईल. डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, आजींचा आवाज आहे, काहीच नसण्यापेक्षा बरं, सोबत तुम्ही पूर्ण गाऊन दाखवा. आम्ही कुठून गाणार? वहिनीला चार ओळी येत होत्या. मला त्याही नाही. मी शाळा, कॉलेज, नोकरी या रांगेत गेले होते. आईच्या जोडीने गाणाऱ्या बायका एकेक करून वारल्या होत्या.

मी शोध सुरू केला, क्रमाने. भाच्याची प्रत दादाच्या कॉम्प्युटरबरोबरच गेली होती. ज्याने लग्नाचा व्हिडिओ काढला होता त्याचं दुकान मांजर्लीला. पुराचं पाणी त्याच्या काउंटरच्या वर गेलं होतं. भिंतीवरची रेघ त्याने हाताने दाखवली. "ताई, तुमचंच नाही, लोकांची लग्नंच्या लग्नं वाहून गेली." पाहुण्यांचे फोन बदलले होते. मग, एखाद्या पाहुण्याने ते कार्डात भरून घेतलं असेल म्हणून, मी उल्हासनगरला गेले, ज्या दुकानावर दादाने छापा घालायला लावला होता तिथेच. दुसरं कुठलं दुकान मला माहीत नव्हतं.

मालक सिंधी, वयस्कर, आता मोबाइलची कव्हरं विकत होता. मी दादाचं गाव सांगितलं तसा तो खुर्चीत मागे रेलला.

"वो सिंगर? उसकी बहन हो? अरे ताई, आपके भाई ने हमको इतना फेमस किया, चौकी में हवालदार लोग मेरा नाम गाने की तरह लेते थे!"

मी काय हवंय ते सांगितलं. तो हसायचा थांबला.

"मां बोलती नहीं?"

"गाण्यातून बोलायला लागली होती."

"कॉम्प्युटर तो पुलिस ले गई. वापस आया तो खाली." त्याने ग्राहकाला कव्हर काढून दिलं, मग माझ्याकडे वळला. "शादी का गाना लोग खुद लाके देते थे, भाई, ये भी डाल दे. मैं डालता था, फिर सबको जाता था. बारवी साइड के पाड़े वाले बहुत भरवाते थे. वो लोग कार्ड फेंकते नहीं. उधर पूछो." मी निघाले तेव्हा म्हणाला, "भाई को बोलना, मैं नाराज़ नहीं. धंदा तो वैसे भी फोन ने खा लिया. मेरा भी, उसका भी."

बारवीच्या रस्त्यावरच्या एका पाड्यात आईबरोबर पूर्वी भातलावणीला जाणारी एक बाई राहते. तिच्याकडे बटणांचा जुना फोन होता. लावणीच्या वेळी बांधावर ठेवून ती त्यावर गाणी लावायची. मी विचारताच तिने बटण दाबत दाबत गाणं काढलं, आणि आईचा आवाज आला, अख्खा, ढोल नसलेला, मागे मांडवातली पोरं ओरडतायत. आमच्याच कुठल्यातरी पाहुण्याने ते दुकानात नेऊन दिलं असणार. मी ते शेवटपर्यंत ऐकलं. तिने फोनचं झाकण उघडून कार्डच काढून माझ्या हातावर ठेवलं. "ने ना. तुज्याच आईसचा हाय."

दादाला मी घरी बोलावलं. कार्ड कुठून आलं ते सांगितलं. त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "लाव."

पण तोवर बरेच महिने गेले होते. मध्ये आईला आणखी एक छोटा झटका येऊन गेला होता. "हलद" गेलं होतं, "पानी" गेलं होतं. उरलं होतं ते "दारी". तहान लागली की दारी, नको असलं की दारी, वहिनी दिसली की दारी. सूर वेगवेगळा, शब्द तोच, कधी एकदा, कधी त्या गाण्यात आहे तसा सलग. अख्खा धवला लागला तेव्हा तिने डोळे मिटले. सुरुवात तिने बरोबर धरली. देव आले, नदी आली. दारापर्यंत पोचली आणि तिथेच थांबली. दारी, दारी. तिचा स्वतःचा आवाज पाट मांडून, हळद देऊन पुढे गेला आणि ती मागे राहिली. दादा पलंगावर बसला, तिचा चांगला हात धरला आणि ऐकून ऐकून पुढची ओळ तिला गाऊन दिली. त्याचा आवाज अजून चांगला आहे. पुन्हा दिली. ती त्याच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघत होती. "दारी," म्हणाली.

आम्ही ते कितीतरी दिवस केलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, रीमिक्समुळे असं झालं असं म्हणता येणार नाही, दुसऱ्या झटक्याने हे होऊ शकतं. त्यांनी ते मला दोनदा समजावलं. मी त्यांच्यावर अविश्वास दाखवत नाही. फक्त शब्द कुठला उरला, हे मला दिसत होतं.

एका दुपारी वहिनीचा फोन आला, आई कण्हतेय, घाम आलाय. मी कारखान्यातून निघाले, दादा टेम्पो टाकून आला, आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने वाकून विचारलं, "आजी, कुठे दुखतंय?"

"दारी."

"पोटात? इथे? की छातीत?"

"दारी, दारी."

"काय म्हणतायत?"

वहिनी तोंडाला पदर लावून बाहेर गेली. दादा म्हणाला, "तिना आता तेवराच येतो, डॉक्टर." त्यांनी हात लावून पाहिलं, पण कुठेही हात लावला तरी ती तेच म्हणत होती आणि डावा हात आता ठेका धरल्यासारखा नुसता हलत होता. तपासण्या एकेक करून सुरू झाल्या, त्यांनी त्यांच्या परीने घाई केली. पोटात आतडं फुटलं होतं. ते कळलं तोवर फार उशीर झाला होता. ती शेवटपर्यंत शुद्धीवर होती आणि काहीतरी सांगत होती.

दिवसपाणी झाल्यावर मी दारावरचा कागद काढला. कुणी विचारतं तेव्हा मी आजही सांगते की गाणं चोरणाऱ्याला कायद्याने अडवलं पाहिजे. माझ्या भावाचं काय झालं ते मी पाहिलं आहे. पण त्या कायद्याने आमच्या दारात आलेल्या यंत्राला आई आणि कार्डवाला यांतला फरक कळत नव्हता. आणि सही केलेला माणूस जिवंत असूनही त्याला ती परत घेता येत नव्हती. एवढं कायदा करणाऱ्यांनी बघावं. मला यापेक्षा मोठं बोलता येत नाही.

आता आसपासच्या गावांत धवलारीण मिळत नाही. लग्न ठरलं की एखादी बाई माझ्याकडे येते, कुणाकडून तरी ऐकून, आणि पायरीवरच विचारते, तुमच्या आईसचा धवला हाय का वो? मी तिला आत घेते, चहा ठेवते आणि तिच्या फोनमध्ये तो भरून देते. तो पुरा म्हणायचा, मध्ये सोडायचा नाही, एवढं सांगते. हे करताना मी कायदा मोडते, हे मला माहीत आहे. तिला मी तसं स्पष्ट सांगते, म्हणजे उद्या तिच्यावर आलं तर तिला अंधारात ठेवलं असं व्हायला नको.

कधी दादा माझ्याकडे आलेला असतो. फोन जोडला की तो उठतो, गॅलरीत जातो आणि मागचं दार ओढून घेतो. भरून झालं, बाई गेली, की मी त्याला चहाला हाक मारते.